सर्वांनी माईक बंद ठेवावेत

६ जानेवारी, सोमवार
नवी डायरी, नवं पद. कालपर्यंत चित्रकलेचा मास्तर होतो, आजपासून जिल्ह्याचा कला सुलभक. म्हणजे धाराशिवच्या ऑफिसात बसून जिल्हाभरच्या चित्रकला-संगीत-मातीकाम शिकवणाऱ्यांना ऑनलाइन प्रशिक्षण द्यायचं. शाळेतले माझे तास गणिताचे सर सांभाळणार. गोल फिरणारी खुर्ची मिळाली. एक चाक नाही. पण फिरते. फिरल्यावर भिंत धरावी लागते, एवढंच.

शामलाला सांगितलं. ती म्हणाली, "सुलभक म्हणजे काय हो? पगार वाढतो का?" म्हटलं, क्रांती पगारासाठी करत नाहीत. "मग गिरणीतून दळण तरी आणा." आणलं. क्रांतीलाही ज्वारी लागतेच.

संकल्प: रोज डायरी लिहायची. आणि प्रशिक्षणात आपण कमी बोलायचं, शिक्षकांना बोलू द्यायचं.

१० जानेवारी, शुक्रवार
तीन दिवस डायरी राहिली. खुर्चीची सवय होत होती.

पहिलं सत्र. माझे शिक्षक बहुतेक अंशकालीन. वर्षाच्या करारावर. एप्रिल संपला की करार संपतो, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही ते तुळजापूरच्या आईलाच ठाऊक. त्यामुळे चेहरे पडलेले. प्रेरणेची कमतरता आहे. ती माझ्याकडे भरपूर आहे.

सुरुवातीचा बराच वेळ "सर, ऐकू येतंय का?" यातच गेला. कुणाचा कुकर, कुणाची शेळी. नळदुर्गकडचे धुळाप्पा, म्हणजे आमचे सगळ्यात जुने संगीत शिक्षक, त्यांचा कॅमेरा शेवटपर्यंत छताकडे. पंखा छान दिसला. मध्येच ते घरात कुणाशी तरी कानडीत बोलले आणि मग स्वच्छ मराठीत म्हणाले, "हे मास्तर लई बोलायलंय की!" तेव्हा मी सगळ्यांचे माईक बंद केले. पुन्हा चालू करायचं बटण फक्त माझ्याकडे ठेवलं.

काय शांतता! इतकं एकाग्र प्रशिक्षण या जिल्ह्यात झालं नसेल. दोन तास बोललो. शेवटी विचारलं, कुणाला काही शंका? कुणालाही नव्हती.

कमी बोलायचा संकल्प आज जमला नाही. विषयच माझा होता.

२४ जानेवारी, शुक्रवार
तेरच्या शाळेतल्या महेश्वरीबाई. मातीकाम शिकवतात. सगळ्यांमध्ये यांचा एकट्यांचा कॅमेरा कायम चालू. आज सत्र चालू असताना त्या बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. ओठ हलत होते, हातवारे चालले होते, एकदा तर दोन्ही हात जोडले. माईक अर्थातच बंद. मी सगळ्यांना म्हटलं, "बघा, महेश्वरीबाईंची देहबोली बघा! शिक्षक असा जिवंत हवा." सगळ्यांनी अंगठे पाठवले. त्यांनी कॅमेरा बंद केला.
लाजल्या असाव्यात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
येडशीच्या फाट्यावर बसची वाट बघताना कल्पना सुचली. मोठ्या माणसांना असंच कुठंतरी फाट्यावर असताना सुचतं. नाव: कलासेतू. प्रत्येक शिक्षकानं आपला सगळ्यात उत्तम तास रेकॉर्ड करून द्यायचा. ज्या शाळांना कला शिक्षकच नाही, तिथं तो टीव्हीवर दाखवायचा. सुरुवातीला माझी प्रस्तावना.

साहेबांना सांगितलं. एरवी स्टेपलरच्या पिना मंजूर करायला आठवडा घेणारे साहेब चहा संपायच्या आत हो म्हणाले. यावरून कल्पनेची उंची लक्षात यावी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
महेश्वरीबाईंचा फोन. फोनवर समोरच्याला म्यूट करता येत नाही, ही जुन्या तंत्राची मर्यादा.

म्हणाल्या, "सर, सगळं व्हिडिओत भरून दिलं तर जूनमध्ये आम्हाला बोलावतील कशाला?"

मी हसलो. म्हटलं, "अहो बाई, गुरूची जागा टीव्ही घेईल का?"

"जागा कोण घेईल ते नाही विचारलं, सर. आदेश कोण काढंल ते विचारलं."

मग शांतपणे त्यांना समजावलं की व्हिडिओ हाच त्यांच्या कामाचा पुरावा. देणाऱ्यांची नेमणूक उलट पक्की. मी शब्द देतो.

"शब्द तुमचा, का साहेबांचा?"

म्हटलं, एकच.

मग म्हणाल्या, "घरात कमावती मीच आहे, सर. सासूबाई आणि जाई माझ्या भरवशावर. मी तुमच्या भरवशावर देते." जाई म्हणजे त्यांची मुलगी. चौथीत आहे.

बाईंमध्ये सकारात्मक दृष्टिकोन कमी. पुढच्या सत्रात त्यावर स्लाइड घेणे. नेमणुकांचं उद्या साहेबांच्या कानावर घालायचं.

३ मार्च, सोमवार
साहेबांशी बोलणार होतो. साहेब बैठकीत.

१० मार्च, सोमवार
साहेब एकटे होते आणि चक्क हसत होते. चांगला मूड कशाला बिघडवा?

१७ मार्च, सोमवार
साहेबांचा मूड खराब. आज शक्यच नव्हतं.

२० मार्च, गुरुवार
तेरला गेलो. महेश्वरीबाईंच्या तासाचं शूटिंग स्वतः केलं. कॅमेरा म्हणजे माझा मोबाइल, स्टँड म्हणजे विटा.

तेरणा नदीच्या काठची माती पोत्यातून आणलेली. सगळा वर्ग व्हरांड्यात मांडी घालून. चाळीस पोरं आणि आवाज फक्त माती थापटल्याचा. बाई मधूनमधून काहीतरी सांगत होत्या आणि पोरांचे हात त्याप्रमाणे हलत होते. बैल झाले, चूल झाली, एकानं आजीचं नाक केलं. एका पोरीनं मातीचा मोबाइल केला, कानाला लावला आणि मला म्हणाली, "हॅलो सर, ऐकू येतंय का?" सगळी पोरं खदाखदा हसली. बाईसुद्धा. मला समाधान वाटलं. आपलं काम इथवर पोचलंय.

तास चालू असताना माझं लक्ष प्रस्तावनेत गुंतलं होतं. 'मानवी संस्कृतीचा उगम मातीतून' असं वाक्य जमवत होतो. त्या नादात बाईंचा तास तीन वेळा शूट करावा लागला. प्रस्तावना जरा लांबली, तेव्हा बाईंचा तास थोडा कापावा लागेल.

निघताना बाईंनी विचारलं, "बोललात का साहेबांशी?"

म्हटलं, चालू आहे. चालू होतंच. मनात.

८ एप्रिल, मंगळवार
माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. वरून आलेल्या मोठ्या साहेबांपुढं कलासेतूचं सादरीकरण. महेश्वरीबाईंचा व्हिडिओ लावला आणि म्हटलं, "साहेब, या एकट्या बाई आता जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत एकाच वेळी शिकवू शकतात!" टाळ्या.

मोठे साहेब पुढं वाकले. म्हणाले, "मग शाळेत कोण लागेल?"

मी रंगात होतो. म्हटलं, "बटण दाबायला काय, कोणीही चालेल!"

हशा. पुन्हा टाळ्या. मोठ्या साहेबांनी शेजारच्याला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. माझं नाव असणार.

नेमणुकांचा विषय याच वेळी काढणार होतो. पण पानं वाढली होती, आणि पुरणपोळी गार झाल्यावर तिच्यात काही राम नसतो.

३० एप्रिल, बुधवार
करार संपले. दरवर्षी संपतात. ग्रुपवर लिहिलं, "चिंता नको. मी आहे." बऱ्याच जणांनी हात जोडले. धुळाप्पांनी रामलिंगाच्या देवळाचा फोटो पाठवला, खाली 'शुभ सकाळ'. संध्याकाळ होती, पण भावना पोचली.

महेश्वरीबाईंनी काही पाठवलं नाही. फक्त दोन निळ्या खुणा.

मे
उन्हाळ्यात डायरी लिहिणं आरोग्याला चांगलं नाही.

१६ जून, सोमवार
शाळा उघडल्या. आदेश आला. 'दर्जेदार डिजिटल आशय उपलब्ध असल्याने अंशकालीन कला शिक्षकांच्या पुढील नेमणुकांची आवश्यकता नाही.'

दर्जेदार! ऑफिसच्या भाषेत हा शब्द सहसा येत नाही. तिथं 'ठीक', 'चालेल', 'फेरसादर करा' एवढंच असतं. मी घरी आल्यावर शामलाला वाचायला दिला. तिनं वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. म्हणाली, "अहो, हे कौतुक नाही. हा मयताचा दाखला आहे. सही तेवढी तुमची नाही."

बायकांना प्रशासकीय मराठी कळत नाही.

तरी उद्या साहेबांना भेटतो. शब्द दिलाय.

१७ जून, मंगळवार
भेटलो. साहेब म्हणाले, "कसला शब्द? बाबूराव, कल्पना तुमचीच ना?"

हो म्हणावंच लागलं. श्रेय नाकारणं बरं दिसत नाही.

१९ जून, गुरुवार
ग्रुपमधून लोक बाहेर पडतायत. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

धुळाप्पांचा फोन आला. म्हणाले, "सर, तीस वर्सं म्या पोरांना सा लावायला शिकवला. आता माझाच व्हिडिओ माझ्याच शाळंत लावायलेत, अन् म्या फाटकाच्या भाईर हुबारून ऐकायलोय. आत येऊ देईनात. नेमणूक न्हाय म्हणं." आणि वर, "अन् ते तुमचं सुरुवातीचं भाषण लई लांब हाय बगा. माझं गाणं यायच्या आदीच घंटा होतीया."

अभिप्रायाबद्दल त्यांचे आभार मानले.

महेश्वरीबाईंचा फोन नाही. रागावल्या नसतील. रागावल्या असत्या तर फोन केला असता.

२७ जून, शुक्रवार
प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण झाल्यामुळं सुलभकाची गरज उरली नाही, असं ऑफिसनं कळवलं. मी मूळ शाळेत परत. यश मिळालं की माणसाला जमिनीवर पाठवतात, म्हणजे पाय तिथंच राहतात. खुर्ची जमा केली. शिपायानं चाक कुठंय विचारलं. म्हटलं, आधीपासून नव्हतं. तो म्हणाला, "सगळे हेच म्हणतात."

शाळेत चित्रकलेचे तास आता टीव्हीवर होणार. टीव्ही लवकरच येतोय. मुख्याध्यापकांनी मला नवं पद दिलं: कलासेतू शाळा समन्वयक. काम: तासाला टीव्ही लावणं, तास संपला की बंद करून खोलीला कुलूप. उरलेल्या वेळात खिचडीची चव घेऊन सही.

समन्वय हे फार नाजूक काम असतं. शामलाला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे बटण दाबायचं?" हे वाक्य तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

४ जुलै, शुक्रवार
तुळजापूरला गेलो, देवीला. मनात काही नव्हतं, असंच. मंदिराच्या वाटेवरच्या एका दुकानातून आवाज आला, "या ताई, या दादा, ओटी घ्या, कवड्यांची माळ घ्या! चपला इथं ठेवा, काही होत नाही!" खणखणीत, वाटेच्या त्या टोकापर्यंत जाणारा. वळून पाहिलं तर महेश्वरीबाई. खांद्यावर माळा, हातात ओटीचं ताट, कोपऱ्यात जाई नारळांना शेंडी ठेवत सोलत बसलेली.

बाईंचा आवाज इतका मोठा असेल असं कधी वाटलं नव्हतं. चार महिने माझ्यासमोर होत्या.

मला पाहिलं आणि त्या थांबल्या. 'या दादा' मधला 'या' झाला होता, पुढचं आलंच नाही. मी म्हणणार होतो की पुढच्या वर्षी नक्की बघू. तेवढ्यात सोलापूरची गाडी लागली, भाविकांचा लोंढा मध्ये आला. लोंढा गेला तेव्हा त्या पाठमोऱ्या होत्या, कुणाला तरी हळदीकुंकवाची पुडी बांधून देत.

नारळ दुसऱ्या दुकानातून घेतला. तिथं महाग पडला.

१० जुलै, गुरुवार
गुरुपौर्णिमा. टीव्हीचं उद्घाटन. मुख्याध्यापकांनी टीव्हीला हार घातला, कोपऱ्यावर कुंकू लावलं आणि म्हणाले, "सर, नारळ तुमच्याच हस्ते. हे सगळं तुमचंच." भारावलो. टीव्हीखालच्या दगडावर जोरात फोडला. पाणी उडालं ते थेट टीव्हीच्या खालच्या बाजूला, आवाज जिथून येतो तिथं.

चित्र छान दिसत होतं. आवाज गेला. मी रिमोटची सगळी बटणं दाबली, टीव्हीला टॉवेलनं पुसलं, बाजूनं थापटलं. काही नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "चालू द्या, फोटो काढायचाय." हार डोक्यावर घेऊन माझी प्रस्तावना निमूटपणे चालली होती. मी पडद्यावर फार हातवारे करतो असं लक्षात आलं.

मग महेश्वरीबाई आल्या. तेरचा व्हरांडा, मातीनं भरलेले हात. त्यांनी गोळा उचलला, तसे आमच्या पोरांनी रिकामे हात उचलले. त्या थापटत होत्या, पोरं हवा थापटत होती. बाईंचे ओठ हलत होते. काहीतरी नीट, हळूहळू समजावून सांगत होत्या.

पहिल्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, बाई काय म्हणायल्यात?"

मी तिथं होतो. तिन्ही वेळा होतो. मोबाइल माझाच होता, विटा मीच रचल्या होत्या. आठवायचा प्रयत्न केला. एकही वाक्य आठवेना. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

म्हटलं, "शांत बसा, म्हणतायत."

पोरं शांत बसली. बाई बराच वेळ बोलत होत्या.