लिमा, तीन दिवस, दोघंच

३ जुलै
ठरलं. ऑगस्टअखेर लिमा. तीन दिवस. मी आणि ओतिलिया, दोघंच. लग्न ठरलं तेव्हाच तिला कबूल केलं होतं, की तुला राजधानी दाखवीन. आता मी शाळेतून रिटायर झालो, तरी राहिलंच होतं. दिलेला शब्द मी पाळतो. उशीर होतो, तो वेगळा विषय.
जन्मभर भूगोल शिकवलाय. लिमाचा नकाशा तोंडपाठ. तिथे कुणाला रस्ता विचारायची वेळ येणार नाही.

३ जुलै, संध्याकाळ
ओतिलियाने लिमातल्या बहिणीला, सोराइदाला, फोन केला. तिकडून बातमी: निकानोर विचारत होता, ओतिलिया कशी आहे म्हणून.
निकानोर इथलाच, आमच्या अरेकिपातला, आमच्याच गल्लीतला. माझ्याआधी त्याने हिला मागणी घातली होती. ही नाही म्हणाली. मग तो लिमाला गेला आणि समुद्राकाठी सेविचेचं, म्हणजे लिंबात मुरवलेल्या कच्च्या मासळीचं, हॉटेल काढलं. आता बायको वारली त्याची. विधुर माणसाला दुसऱ्याच्या बायकोची चौकशी कशाला हवी? मी फक्त नोंद करून ठेवतो. मत्सर माझ्या स्वभावातच नाही.

५ जुलै
सकाळी मिस्ती डोंगरावर बर्फ. म्हणजे नेवादा, बर्फाची ती चिडचिड, लागणार. डोंगर पांढरा झाला की अरेकिपाच्या माणसाचं डोकं फिरतं, पूर्वीपासून असंच आहे, त्यात माणसाचा दोष नाही. चहा थंड म्हणून ओरडलो. मग गरम म्हणून ओरडलो.
ओतिलिया म्हणाली, तुला नेवादा नेमका निकानोरचं नाव निघाल्यावरच कसा रे लागतो? हिला भूगोल कधी कळलाच नाही.

९ जुलै
टाइमटेबल तयार. स्वतःची पाठ थोपटावी असं झालंय.
सेविचे हे दुपारचं खाणं. चार वाजले की लिमातली मासळीची हॉटेलं खुर्च्या उलट्या करतात. संध्याकाळी सेविचे मागणारा एक तर वेडा, नाही तर परदेशी. तेव्हा फक्त तिन्ही दुपारी ओतिलियाला समुद्रापासून लांब ठेवलं की काम झालं. पहिली दुपार: जुन्या मठाचं तळघर, तिथली हाडं आणि कवट्या. दुसरी: संग्रहालय, मडकी. तिसरी: पुन्हा तळघर, कारण एकदा पाहून समाधान होत नाही.
ओतिलियाने वाचलं. म्हणाली, एदिल, आपण फिरायला चाललोय की कुणाच्या मयताला?

१४ जुलै
हिने लाल बूट आणले. टाचांचे. या वयात! विचारलं, कुणासाठी? म्हणाली, पायांसाठी.
उत्तर टाळलं. कळतं मला.
संकल्प: उद्यापासून रोज चालणं. बटाटा बंद. पोट आत.

१५ जुलै
बटाटा बंद.

१६ जुलै
बटाटा चालू. आमच्या मातीतला जिन्नस आहे. मातीशी बेइमानी करून बारीक होण्यात काय अर्थ?

२६ जुलै
निकानोर मारिनेरा नाचायचा. सगळी गल्ली बघायला जमायची. मी म्हटलं, त्यात आहे काय एवढं? रुमाल हलवायचा आणि पाय घासायचे. वरच्या मजल्यावरच्या नव्या खोलीत सराव केला. स्लॅब झालाय, फक्त घर पुरं झालं की छतावर बसवतात तो क्रॉस राहिलाय. जमिनीवर सिमेंटची पूड. घसरलो. डावा घोटा टम्म.
ओतिलियाला सांगितलं, जमिनीचा उतार तपासत होतो. म्हणाली, हातात रुमाल कशाला? म्हटलं, घाम पुसायला. तिने तो माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली. मग गरम पाणी आणलं.

८ ऑगस्ट
लिमाला जायचं म्हटलं की गल्ली जागी होते. प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिथे असतं आणि ते उपाशीच असतं अशी सगळ्यांची खात्री. चीज आलं, पाव आले, सुकवलेले बटाटे आले. शेजारच्या दोन्या एर्मेलिंदाबाईंनी लिमातल्या मुलाला भाजून खायला जिवंत गिनीपिग आणला. म्हणाली, घ्या ना, काही खात नाही बिचारा. हात जोडले.
हे सगळं सोसलं. पण ओतिलियाने रोकोतो मिरच्या वाटून एक बरणी भरली, ती निकानोरसाठी! तिकडे असली मिरची मिळत नाही म्हणे, बिचाऱ्याला. बिचाऱ्याला!!
म्हटलं, माझ्यासाठी कधी केलीस? म्हणाली, दर रविवारी करते, तू नुसता तक्रार करत खातोस.

९ ऑगस्ट
बरणी संपवली. एकट्याने. पावाशिवाय.

१० ऑगस्ट
लिहवत नाही. बसवतही नाही. ओतिलियाला सांगितलं, उंचीचा त्रास होतोय. म्हणाली, इथेच जन्मलास ना रे? आणि दुसरी बरणी भरायला घेतली. मोठी.

१३ ऑगस्ट
सुचलं!
माझी आई डोंगराकडची. ती सांगायची, कोम्पाद्रेचं नातं रक्ताहून जड. आपल्या पोराचा किंवा घराचा जो धर्मपिता, तो आपला कोम्पाद्रे, आपली बायको त्याची कोमाद्रे. त्या दोघांच्या मनात भलतंसलतं आलं, तर मेल्यावर दोन डोक्यांचं लामा जनावर होऊन डोंगरात ओरडत फिरावं लागतं.
आपल्या छताच्या क्रॉसला धर्मपिता नाहीच अजून. निकानोरला करू! नात्याचा दोर गळ्यात पडला की जन्माचा बांधला गेला. साप मेला, काठी शाबूत. मी हेडमास्तर कसा झालो नाही, याचं राहून राहून नवल वाटतं.

१४ ऑगस्ट
ओतिलियाला सांगितलं. ती कणीक मळत होती, थांबली. म्हणाली, विचार केलायस ना? कोम्पाद्रे म्हणजे जन्माचं माणूस, पाहुणा नव्हे. चेहरा पडला होता. का पडला, ते मला बरोबर कळलं.

१६ ऑगस्ट
निकानोरला फोन केला. तो रडला. खरंच रडला. म्हणाला, एदिल्बेर्तो, भावा, लिमात इतकी वर्षं काढली, पण असा मान कुणी दिला नाही. ओतिलियाचं नावसुद्धा काढलं नाही. घाबरला असणार. रात्री शांत झोप.

२९ ऑगस्ट, लिमा
आभाळ गाढवाच्या पोटासारखं करडं. समुद्र आहे म्हणतात, धुक्यात दिसला नाही. बसस्टँडवरून निघताना मी रस्ता दाखवला आणि आम्ही पुन्हा बसस्टँडवरच आलो. नकाशा जुना असणार.
निकानोर घ्यायला आला होता. टक्कल, ढेरी, कानात यंत्र. याच्यासाठी मी बटाटा सोडला होता! मिठी आधी मला मारली. सोडेचना. मग ओतिलियाला म्हणाला, कोमाद्रे, मिरची आणलीत ना?
दुपारचं तळघर रद्द. कोम्पाद्रेच्या ताटाला नाही म्हणता येत नाही. सेविचे खाल्लं. चांगलं होतं, हे कबूल करायला मी कुणाला बांधील नाही. त्याने गल्लीतल्या जुन्या गमती सांगितल्या आणि ओतिलिया डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती, ते आठवेना. उरलेलं ताट बाजूला सारलं. मासळी शिळी असेल.

३० ऑगस्ट
दुपारी पुन्हा तिथेच. संध्याकाळी ओतिलिया म्हणाली, बारांकोला जाऊ या का, जुन्या पुलावर, आपण दोघंच? म्हटलं, कोम्पाद्रेने जेवायला बोलावलंय, नाही कसं म्हणायचं? शिवाय घोटा. ती म्हणाली, बरं.
मी रागावेन असं वाटलं असणार, म्हणून जास्त बोलली नाही.

३१ ऑगस्ट, परतीची बस
निकानोर बसस्टँडवर आला. निरोप द्यायला, असं मी समजलो. त्याच्या हातात दोन बॅगा. हॉटेल सुनेच्या हवाली केलंय म्हणे. म्हणाला, अरेकिपात आपलं घर असताना मी या धुक्यात कशाला मरू? वरची खोली तयार आहेच, छत तर माझंच.
ओसरी मी दिली, हातपाय तो पसरतोय. आणि कोम्पाद्रेला नाही म्हणता येत नाही.
त्याला मागच्या सीटवर उलटी होते, म्हणून तो पुढे ओतिलियाशेजारी. मी सगळ्यात मागे, संडासाला लागून. मांडीवर लिमावाल्यांनी उलट पाठवलेली गाठोडी.
चहाला बस थांबली तेव्हा ओतिलिया मागे आली. म्हणाली, एदिल, ते लाल बूट पेटीतच राहिले. बारांकोत रस्त्यावर म्हातारी जोडपी नाचतात, सोराइदाने सांगितलं होतं. तू वर रुमाल घेऊन पडलास ना, त्या दिवशी मला वाटलं, तुलाही तेच हवंय.
एवढं बोलून ती चहा न घेताच पुढे गेली. मला काहीतरी म्हणायचं होतं. गाठोडी पडतील म्हणून उठलो नाही.

७ सप्टेंबर
आज क्रॉस बसला. सगळी गल्ली वर. चिचा म्हणजे मक्याची दारू, बँड. दोन्या एर्मेलिंदा म्हणाली, काय राजबिंडा कोम्पाद्रे शोधलात हो मास्तर!
रीत अशी, की छताच्या धर्मपित्याने घरधनिणीबरोबर पहिला नाच नाचायचा. मी म्हटलं, हल्ली कोण पाळतं? सगळे म्हणाले, आम्ही पाळतो.
ओतिलिया खाली गेली आणि लाल बूट घालून आली. कोम्पाद्रेने मान लववून रुमाल काढला. टक्कल, ढेरी, कानात यंत्र, पण पाय काय चालतात मेल्याचे! तिच्याकडे बहिणीसारखंच बघत होता, लामाची भीती नाही. तीही त्याच्याकडे बघत नव्हती. बुटांकडे बघत होती, आणि अधूनमधून माझ्याकडे.
मी खुर्चीवर. घोटा अजून दुखतो. निदान पहिल्या नाचानंतर तरी उठायला हवं होतं. दुसरा नाच लागला, तिसरा लागला. मग तिने बूट काढून कडेला ठेवले आणि ताटं वाढायला घेतली.
सकाळपासून डोकं नुसतं भणभणतंय. गच्चीवर जाऊन पाहून आलो. आभाळ स्वच्छ, मिस्ती अख्खा दिसतोय. बर्फाचा कणसुद्धा नाही.