रेखाचा मेल आणि वायर

मंगळवार, संध्याकाळ

गेल्या महिन्यात मी ऑफिसात सगळ्यांना मेल केला होता, घरी यांनाही: अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड बदला. कुणी हूं की चूं केलं नाही.

आज ऑफिसातल्या रेखाने कुठून तरी आलेला मेल ओळखीच्या सगळ्यांना पुढे पाठवला. म्हणे, घरी जाताना कॉम्प्युटरची वायर काढा, व्हायरस शिरत नाही. वायर काढून काय होणार, कपाळ? पण मालक खूश. "रेखाताई, लई कामाचं सांगितलं की." चादरींचा कारखाना आमचा, त्यामुळे वायरी काढून कॉम्प्युटरांवर नमुन्याच्या चादरीही घातल्या.

मला एवढं का लागावं?

घरी आले, तर आमच्याही कॉम्प्युटरची वायर काढलेली. हे म्हणाले, "रेखाताईंचा मेल आलता. हुशार बाई हाय."

माझा मेल यांनी अजून उघडलेलाही नाही.