कडेला ठेवलेलं अंडं

२ एप्रिल

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तुमची भिंगरी इथे मजेत आहे. जेवते, झोपते, माझ्या पाळणाघरातल्या पोरांवर दादागिरी करते. आठ वर्षांची झाली ना, त्यामुळे चार-पाच वर्षांची चिल्लीपिल्ली म्हणजे तिला आपली प्रजाच वाटते. गुडघा थोडा खरचटलाय. दारातल्या पायरीचा अंदाज चुकला, एवढंच.

इथे ईस्टरच्या अंडी-शोधाची धांदल चाललीय. यंदा अंडी उकडायची नाहीत असं मी ठरवलं. गेल्या वर्षी एक कपाटामागे राहिलं आणि पंधरवड्याने त्याने आपला पत्ता आपणच कळवला! म्हणून आता दोन्ही टोकांना भोक पाडायचं, फुंकून आतलं काढायचं, टरफल रंगवायचं आणि आत चिठ्ठी सारायची. फुंकायचं खातं भिंगरीकडे. गाल फुगवून बसते तेव्हा बघत राहावंसं वाटतं. आतलं वाया कसं घालवायचं, म्हणून अख्खं पाळणाघर रोज आम्लेट खातंय. स्वयंपाकाच्या काकू म्हणाल्या, आता पोरं आरवायला लागतील.

प्रत्येक मुलाचा रंग वेगळा. आपल्याच रंगाचं उचलायचं, दुसऱ्याचं दिसलं तर तोंडाला कुलूप. आणि लपवायचं ते त्या त्या मुलाचा स्वभाव बघून. एक पोरगा कायम वर बघत चालतो, त्याचं खाली, बुटात. एक रडूबाई आहे, तिचं पहिलं तिच्याच उशीखाली, म्हणजे सुरुवात तरी हसून होईल. पुढच्या अंड्याचा ठावठिकाणा चिठ्ठीत चित्र काढून दिलेला. भिंगरीचा रंग निळा. तिची कुठे लपवायची याचा विचार मी जरा जास्तच करतेय.

तिला सुट्टीत इथे पाठवताना तू घातलेली अट मला आठवते. तो विषय मी काढलेला नाही. शाळा उघडली की बाबा सायकल देणार, हमरस्त्याने मी एकटी जाणार, हे ती उठता-बसता सांगते.

वहिनीला सांग, वेण्या मी घट्ट घालते.

तुझी,
खारूताई
(नाव तूच ठेवलंस. वस्तू लपवते आणि विसरते म्हणून. सगळंच काही विसरत नाही रे.)


११ एप्रिल

दादा,

नमनाला घडाभर तेल घालत नाही. फोनवर हा विषय निघाला की तू फोन ठेवतोस, म्हणून लिहितेय. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

अंडी-शोध झाला. पोरं खूश आहेत. आता खरं ऐक. भिंगरीची अंडी मी तिचा स्वभाव बघून लपवली नाहीत. तिची नजर तपासायला लपवली. तिला न सांगता, खेळाच्या नावाखाली. चिडायचं तर चीड.

पहिलं खोलीच्या पार पलीकडे, खिडकीत. दारातूनच ओरडली, "ते बघ माझं!" चिठ्ठीतलं मुंगीएवढं चित्रही झटकन ओळखलं. शाळेच्या तपासणीत ती पास होते, हे तुझं म्हणणं खरंच आहे. समोरचं तिला लख्ख दिसतं.

दुसरं दाराशेजारच्या फळीवर, अगदी उघड्यावर, तिच्या कोपराच्या उंचीला. तिथून ती गेली, परत आली, पुन्हा गेली. टरफलाला बाही घासली तरी कळलं नाही. काकू हसल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा!" पोरं नियम पाळायचा म्हणून तोंडावर हात दाबून उभी. त्यांना वाटलं, भिंगरीताई गंमत करतेय. मग तीही हसली आणि म्हणाली, "मुद्दाम केलं."

हे वाक्य कुणाचं, ते तुला सांगायला हवं का? दाराला धडकले, पेला लवंडला की आपले बाबा हेच म्हणायचे. आणि आपण दोघं खिदळायचो. बाबांची नजर गेली ती अशीच, कडेकडेने, आपल्या हसण्याखाली.

तिसरं चपलांच्या खोलीत होतं. तिथे उजेड कमी, पण काळोख नाही. बाकीची पोरं धावत आत-बाहेर करत होती. भिंगरी दारात थबकली. मग हात पुढे धरून, बोटं पसरून आत गेली. शेवटी शेवटी बाबा घरात चालायचे ना, तस्सं. माझ्या तोंडून "थांब" निघेपर्यंत तिच्या पायाखाली टरफल कडकन फुटलं.

ती तिथेच खाली बसली. तुकडे गोळा करता करता विचारते, "आत्या, बाबांना सांगणार?"

"काय सांगू?"

"कडेने काळं असतं ते. मला वाटायचं सगळ्यांनाच असतं. सांगू नकोस ना. मग सायकल नाही मिळणार."

मी तिला पोटाशी धरलं, पण कबूल काही केलं नाही. सांगणार म्हटलं. रुसली, जेवली नाही. रुसू दे.

दादा, पोरीला सगळं कळलंय. आता झाकली मूठ कुणापासून झाकतोस? बाबांचं नशीब म्हणून तू विषय मिटवलास. असेल नशीब. पण हमरस्त्यावर कडेने येणारी गाडी तिला दिसणार नाही, हे माहीत असून तिला सायकलवर बसवलं, तर ते नशीब नाही, ते आपण केलेलं. सायकल आणू नकोस. आणली असलीस तर परत कर. बावीस तारखेला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आई किंवा वडील बरोबर लागतात. बरं होईल का, थोपवता तरी येईल का, मला ठाऊक नाही. मला फार भीती वाटते रे. पण आहे काय ते कळल्याशिवाय मी तिला इथून हलू देणार नाही. मग भले जन्माचा अबोला धर.

तू येशील, असं मी तिला सांगून टाकलंय. ते ऐकल्यावर रुसवा सोडून तिने तुझ्यासाठी एक अंडं फुंकलं, निळं रंगवलं आणि लपवायचं म्हणून मला खोलीबाहेर काढलं. आत येऊन बघते तर दारासमोरच्या टेबलावर, अगदी मधोमध.

मी म्हटलं, "अगं, हे काय लपवणं झालं? त्या फळीवर तरी ठेव."

तर म्हणाली, "नको आत्या. कडेला ठेवलेलं बाबांना सापडत नाही."

दादा, वर लिहिलेली वेळ मी आता तुम्हा बापलेकींसाठी मागून घेते आहे. ये. दिवसाउजेडी निघ.

वाट बघतेय,
तुझी खारूताई