वडील नको म्हणाले

सर, गेल्या महिन्यात मी चीनमध्ये तिआनजिनला होते आणि एक अख्खा दिवस मनातल्या मनात तुमच्याशी बोलत होते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी इथे कतारमध्ये, अल वक्राला राहते. गॅसच्या कंपनीत आहे. पाइपलाइनचे व्हॉल्व्ह तयार झाले की कारखान्यात जाऊन ते तपासायचे, हे माझं काम. या वेळी तपासणी एक दिवस आधीच आटोपली. सोबतची दुभाषी, पंचविशीची मुलगी, म्हणाली, "मॅडम, उद्या हॉटेलात बसून काय करणार? माझं शहर तरी बघा."

सकाळी तिने मला एका जुन्या दगडी घरात नेलं. आता तिथे शहराच्या गेल्या दीडशे वर्षांचं संग्रहालय आहे. एके काळी परक्या देशांनी हे शहर आपसांत वाटून घेतलं होतं. म्हणून अजूनही एका गल्लीत इटालियन सज्जे दिसतात आणि दोन चौक ओलांडले की इंग्रजी धाटणीच्या विटांची घरं. शहराचा तट पाडल्यावरचा एक फोटो होता, नुसता विटांचा ढीग. तिथे ती मुलगी बराच वेळ उभी राहिली. "माझ्या पणजोबांचे वडील या कामावर होते," ती म्हणाली. "घरात सगळे म्हणतात, तट परक्यांनी पाडला. हुकूम त्यांचाच होता. पण हात आमचे होते, हे कोणी बोलत नाही." मी पुढच्या फोटोकडे वळले. तुम्ही असतात तर तिला आणखी चार प्रश्न विचारले असते.

दुपारी आम्ही शहराच्या पश्चिमेला, चिनी नववर्षाला दारावर लावायची चित्रं छापतात त्या जुन्या गावात गेलो. लाकडी ठशाने फक्त काळी रेघ उमटवायची आणि मग एकेका चित्रात ब्रशने रंग भरायचे. एक सत्तरीच्या बाई भिंतीवर टांगलेल्या कागदांसमोर बसल्या होत्या. प्रत्येक कागदावर तेच गुटगुटीत बाळ, कुशीत मासा घेतलेलं. त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला आणि बाळाच्या गालाकडे बोट दाखवलं. मी गुलाबी रंग उचलला, टेकवला, आणि तो रेघेबाहेर पळाला. बाईंनी माझं मनगट धरलं, काहीतरी म्हणाल्या. मुलगी हसत म्हणाली, "त्या म्हणतात, पाणी फार घेतलंस आणि घाई केलीस."

सर, मी आठवीत आहे. नाशिकच्या शाळेतला तो कोपऱ्यातला वर्ग, तुम्ही माझा घाटाच्या चित्राचा कागद सगळ्यांसमोर उंच धरला आहे आणि म्हणताय, "पाणी जास्त, धीर कमी." मी घरी येऊन रडले होते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत आणि एकच आकाश सात वेळा रंगवायला लावलंत. सातवं तुम्ही स्वतःच्या वहीत ठेवून घेतलंत.

दुसरा गाल जमला. बाईंनी विचारलं, कुठे शिकलीस? म्हटलं, शाळेत, माझ्या सरांकडे. मग त्यांनी विचारलं, सोडलंस का? आणि सर, क्षणाचाही विचार न करता माझ्या तोंडून तेच आलं, "वडील नको म्हणाले." मुलीने ते चिनीत सांगितलं. बाई चुकचुकल्या. माझ्या बाबांच्या नावाने, तिआनजिनमध्ये!

आता खरं सांगते. बारावीच्या सुट्टीत तुम्ही रविवारी सकाळी आमच्या घरी आलात. आई पोहे करत होती, मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. तुम्ही बाबांना म्हणालात, "हिला मुंबईला पाठवा, चित्रकलेला. मी स्वतः सोबत येतो." बाबा म्हणाले, तिला विचारतो. तुम्ही गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "तुला जायचंय का? जायचं असेल तर लोकांचं मी बघतो." नाही मी म्हटलं, सर. मला भीती वाटली. तुमच्या वर्गात मी पहिली होते. तिथे सगळेच पहिले असणार. गणितात उत्तर बरोबर आलं की आलं. सोमवारी मला वाटेत गाठून तुम्ही विचारलंत, "काय म्हणाले वडील?" आणि मी खाली बघून ते तीन शब्द बोलले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. पुढे एकदा बाबा बाजारातून येऊन म्हणाले, "तुझे सर आज ओळख न देता गेले गं." मी अभ्यास करत राहिले.

चीनहून परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी बाबांना फोन लावला. ते आता शहाऐंशीचे आहेत, कानाला कमी येतं, त्यामुळे ही कबुली मला ओरडून द्यावी लागली. माझी लेक आतून बाहेर येऊन बघायला लागली.  बाबा म्हणाले, "अगं, मला माहीत होतं. ओळख न देता गेले, त्याआधीच तुझे सर मला भर बाजारात बोलले होते, पोरीचं नुकसान केलंत म्हणून. मी म्हटलं, हो, चुकलं माझं. तुला खोटं कशाला पाडायचं त्यांच्यासमोर? तुला तेवढा एकच माणूस मोठा वाटायचा." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी इथेच, कतारमधल्या दुखानला, नवी नोकरी करत होते. रजा मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. तुमच्यासमोर यायचं म्हणजे खरं बोलायचं, आणि तुम्ही गेल्यावरही मला तेच वाटलं.

त्या शुक्रवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी कागद पसरला. लेक शेजारी बसली, म्हणाली, "ममा, यू कॅन ड्रॉ?" मी तिला तुमच्याबद्दल सगळं सांगितलं, मराठीत, आणि तिने ते ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "शो मी हिम." मी पेन्सिल घेतली. चष्मा आला, कपाळ आलं, खांद्यावरची शबनम आली. पुढे हात थांबला. तुमच्या मिश्या होत्या की नव्हत्या, सर, हे मला आठवत नाही.