डबा माझं ऐकतो

ता. ३, सोमवार
मीटिंगच्या खोलीचा ऑपरेटर सोडून गेला. साहेबांनी विचारलं, कोणाला येतं का हे? मी झाडू खाली ठेवला आणि म्हटलं, मला येतं. तोंडातून निघून गेलं.
कपाटात काळा डबा आहे. पडदा, प्रोजेक्टर, लाइट, आवाज, खिडकीचे पडदे, सगळ्यांच्या वायरी त्यात. भिंतीवर एकच बटण. साडेनऊला दाबलं. काही नाही. परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि सगळं चालू! देव पावला.

ता. ६, गुरुवार
रोज जमतं. साडेनऊला चालू, अकराला बंद. तीनदा दाबायचं, हे गुपित. काल नऊ पंचवीसला दाबलं तर पाच मिनिटं रुसला. डब्याला घाई आवडत नाही. आता माझा हात ओळखतो.

ता. ७, शुक्रवार
मंगळवारी चार वाजता मोठे साहेब येणार. नीट झालं तर मला पर्मनंट करणार. म्हणजे पिल्लूला कंपनीच्या पाळणाघरात जागा. तिथे पर्मनंटवाल्यांचीच पोरं घेतात. आत्ता पिल्लूला नणंद सांभाळते, पण येत्या गुरुवारपासून तिची स्वतःची नोकरी सुरू. म्हणाली, वहिनी, त्या दिवसापासून तुझं लेकरू तू बघ, मी काय डबल ड्यूटी करू? मी म्हटलं, जागा झालीच समज.

ता. ११, मंगळवार, दुपारी १
एकदा करून बघावं म्हणून दाबलं. काही नाही. तीनदा, सातदा, तीसदा. पिल्लूचा चेहरा डोळ्यासमोर.
डबा बसवणाऱ्या मेकॅनिकला फोन केला, पाया पडते म्हटलं. आला. बघितलं आणि हसतच सुटला. म्हणाला, ताई, ऑपरेटर गेला तेव्हाच हे बटण लॉक केलं. डब्यात टायमर भरलाय, साडेनऊला चालू, अकराला बंद. तुम्ही आठ दिवस नुसतं बटण पुसलंत. कोंबड्याला वाटतं आपण आरवलो म्हणून उजाडलं.
हसू दे. लॉक काढून दिलं ना. म्हणाला, आता एकदाच दाबा, प्रोजेक्टरला तापायला मिनिटभर लागतं. मला काय सांगतोय? आठ दिवसांचा अनुभव आहे.

ता. ११, संध्याकाळी ६
चारला दाबलं. अंधार झाला, पडदा उतरायला लागला, पण चित्र नाही. हाताने सवयीने दुसऱ्यांदा दाबलं. सगळं बंद, पडदा परत वर, लाइट भक्कन. तिसऱ्यांदा दाबलं. परत अंधार. प्रोजेक्टर म्हणे मधेच बंद केला की गार होईपर्यंत उठत नाही. सगळे साहेब काळोखात बसले. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कोण चालवतंय? मी म्हटलं, टायमर.

ता. १२, बुधवार
बटण परत लॉक. वर साहेबांनी कागद चिकटवला, हात लावू नये. साडेनऊला सगळं आपोआप चालू झालं. मी झाडू धरून बघत होते.
नणंदेने विचारलं, वहिनी, झाली का जागा? मी म्हटलं, जवळजवळ. साहेबांनी माझ्यासाठी खास पाटी लावलीय.
तिने पिल्लूचे कपडे घडी करून पिशवीत भरले, दुधाची बाटली वर ठेवली आणि पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली.