नात्यातली की पगारावरची

१६ जून, गुरुवार

गहू पिकत आला. ओंबी चोळून दाणा चावून पाहिला — अजून मऊ आहे. आणखी आठवडाभर.
दुसरं काही सुचत नाही लिहायला.

१७ जून

विचिटाहून व्हर्जिलच्या मुलाचा, डेलचा फोन. बापाला अर्धांगाचा झटका आल्यापासून शेताचं सगळं तोच बघतो — फोनवरून. गावातलं धान्याचं कोठार यंदा बंद. वसंतात आग लागली होती, दुरुस्ती अजून चालूच. म्हणजे गहू हद्दीपलीकडे, नेब्रास्कात न्यायचा.

"ट्रक कोण नेणार?"
"मी. दरवर्षी मीच तर नेते."
"गावापर्यंत, नॅडीन. आता राज्य ओलांडायचं. मोठ्या ट्रकचं लायसन्स आहे का तुमच्याकडे?"

नाही. व्हर्जिलकडेही नव्हतं. इथे कोणाकडेच नसतं! पण डेलने चौकशी केली होती. शेतकऱ्याला सूट आहे म्हणे. ट्रक शेताचा, माल शेताचा, आणि शेतापासून दीडशे मैलांच्या आत — मग हद्द ओलांडली तरी साधं गाडीचं लायसन्स चालतं. चालवणारा मात्र स्वतः शेतकरी हवा, नाहीतर त्याच्या घरचा, नाहीतर त्याच्या पगारावरचा.

मग पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

"मी तुम्हाला पगारावर दाखवतो," म्हणाला. "चालेल ना?"
"चालेल."

नंतर भांडी घासली.

१९ जून, रविवार

व्हर्जिलकडे जाऊन आले. शुश्रूषागृहात त्याची खुर्ची खिडकीपाशी ठेवतात. उजवा हात मांडीवर पडलेला, कोणीतरी विसरून गेल्यासारखा. मे महिन्यापासून एक शब्द नाही. समजतं सगळं, असं डॉक्टरीणबाई म्हणते.

नवी नर्स होती. "तुम्ही मिसेस ओबोर्नी का?"
"नाही."

जिभेला वळणच पडलंय. पाद्र्याला, बियाणं विकणाऱ्याला, खानेसुमारीवाल्याला — सगळ्यांना हेच सांगत आले. व्हर्जिलने तीनदा विचारलं होतं. एकदा तर कणगीच्या टपावर चढून, हातात पाना! तिन्ही वेळा मी म्हटलं, "नको रे. एकदा केलं होतं, तेवढं पुरे." तो हसायचा आणि जेवायला बसायचा. त्याच्या घरात माझे केस पांढरे झाले, पण आडनाव माझंच राहिलं.

आज नर्सला दिलेलं उत्तर त्याने ऐकलं. मग खिडकीबाहेर बघत बसला.
शेवया भरवल्या. अर्ध्या खाल्ल्या.

२४ जून

डेल आला. कापणी सुरू. तो हार्वेस्टरवर, मी ट्रकवर. पहाटे उठून कोबी-खिमा भरलेले पाव भाजले, व्हर्जिलच्या आईच्या पद्धतीने. डेलने खाल्ले. दोन जास्तच घेतले.

शेजारचा ऑरिन कुंपणाशी येऊन ओरडला, "काय गं नॅडीन, हद्दीपार माल चोरून नेतेस म्हणे!"
"मला शेतकऱ्याची सूट आहे."
"तू कसली शेतकरी! तू तर भाडेकरू!"

स्वतःच्याच विनोदावर हसता हसता त्याला ठसका लागला. मीही हसले. हसले असेन बहुतेक.

२५ जून

खेपा. धूळ. झोप.

२८ जून, मंगळवार

पकडलं.

नेब्रास्कात शिरल्यावर, कोठार नजरेच्या टप्प्यात आल्यावर! मागे दिवे लुकलुकले. रस्त्याच्या कडेला घेतला ट्रक. पोलीस बाई होती, तरुण, नाकावर ऊन लागून सालपटं निघालेली. उर्मट नव्हती.

"कोणाचा गहू?"
"ओबोर्नीचा. पलीकडे कॅन्ससात शेत आहे."
"म्हणजे शेतकऱ्याच्या सुटीत चालवताय. तुम्ही ओबोर्नी?"
"नाही."
"त्यांच्या घरच्या? बायको?"
"नाही."
"मग कामाला आहात?"
"तसं दाखवलंय."
"दाखवलंय म्हणजे? पगार घेता?"
"नाही."

तिने टोपी काढून कपाळ पुसलं. "बाई, मी तुम्हाला मदत करायला बघतेय. नात्यात नाही, पगारावर नाही — मग त्या सुटीत तुम्ही बसताच कुठे? राहता कुठे तुम्ही?"
"त्याच्या घरी."
"किती वर्षं?"
सांगितलं.
"तुमच्या राज्यात तर चारचौघांत नवरा-बायको म्हणवून घेतलं की लग्नच धरतात. तुम्ही कधी म्हणवून घेतलं नाही?"
"नाही. कोणी म्हटलं तर मी खोडून काढते."

आता लिहिताना कळतंय, एक शब्द पुरला असता. तेव्हा कळलं नाही असंही नाही. कळलं होतं. पण आतून काही हललंच नाही.

ट्रक तिथेच उभा. डेलला फोन केला. तो मुलगा, म्हणजे सुटीत बसतो. हार्वेस्टर शेतात सोडून आला. आल्या आल्या तिला म्हणाला, "पगार देतो मी यांना!"
"नाही देत," मी म्हटलं.
पोलीस बाईने आकाशाकडे बघितलं. पश्चिमेला काळंनिळं झालं होतं.

डेलने ट्रक रिकामा करून आणला, मी त्याची गाडी. आम्ही परतेपर्यंत उत्तरेच्या शेतावर गारा पडून गेल्या होत्या. अक्रोडाएवढ्या. दुपारी कापायचं तेच शेत होतं. उभा गहू जमिनीला चिकटला, कोणीतरी पाय घासत चालत गेल्यासारखा.

२९ जून

डेल सकाळी स्वयंपाकघरात उभा होता. कॉफी ओतून घेतली, प्यायला नाही.

"'हो' म्हणायला काय जात होतं तुझं?"

मला कधी तू म्हणाला नव्हता. आज म्हणाला.

"कुठल्यातरी एकाला हो म्हणायचं होतं! बायको म्हण, नोकर म्हण, काहीही म्हण! पोलिसाशी कसला खरेपणा? बाबांनी विचारलं तेव्हाही हेच. त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं, माहितीये? तिसऱ्या वेळी. म्हणाले, आता नाही विचारत, बाईला त्रास होतो."

मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, तो हसून विसरला.

"मला खोटं बोलता येत नाही," एवढंच म्हटलं.
"खोटं कुठे होतं त्यात?" म्हणाला आणि बाहेर गेला. जाळीचा दरवाजा आपटला.

मी तिथेच उभी होते. त्याची कॉफी गार झाली, तीच प्यायले.

१ जुलै

जमीन वाळली. डेलने जेवणाच्या टेबलावर चेक ठेवला. "खरा पगार. आता खोटं राहिलं नाही." मी घेतला, घडी करून खिशात घातला. पुन्हा तुम्ही म्हणायला लागला आहे. सॅंडविच खाताना म्हणाला, "परवा मी जास्त बोललो."
"नाही. बरोबर बोललास."

मालकाला अरेतुरे करणारी नोकर!

२ जुलै

तीच पोलीस बाई. थांबवलं नाही, शेजारून हळू चालवत काच खाली केली. मी ओरडले, "पगारावर!" तिने अंगठा दाखवला.

बरं वाटायला हवं होतं.

४ जुलै, सोमवार

शेवटची खेप काल झाली. उत्तरेचं शेत सोडून बाकी सगळा गहू पोचला. डेल विचिटाला गेला. गावात संध्याकाळी स्वातंत्र्यदिनाचे फटाके उडत होते, अंगणातून दिसले. एकटीने बघितले. कुत्रा पलंगाखाली.

व्हर्जिल या दिवशी टरबूज कापायचा आणि बिया थुंकण्याची शर्यत लावायचा. ऑरिन जिंकायचा.
मी टरबूज आणलं नाही.

६ जुलै

व्हर्जिलला सगळं सांगितलं. पोलीस बाई, गारा, डेल काय म्हणाला ते. मग त्याच्या खुर्चीशी वाकून विचारलं — माझ्याशी लग्न करशील का?
त्याचे ओठ हलले, तोंड वाकडं झालं. मग शब्द आला, मे महिन्यापासूनचा पहिला.

"नको."

आणि हसला! अर्ध्या तोंडाने, पण पूर्वीसारखाच. नर्स धावत आली, मी का रडतेय ते बघायला. मला सांगता येईना. त्याने डाव्या हाताने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.