न उघडलेली बाटली

क्विन्यामेल, १७ एप्रिल

प्रिय तेओ,

अनेक आशीर्वाद. इथे सगळे बरे. काजूचा हंगाम भरात आहे, त्यामुळे गाव झाडांखाली आणि मी गुडघे धरून घरात. नर्सची नोकरी संपली तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देतेच. थोरला म्हणतो, आई, गणवेश उतरला पण आवाज काही उतरला नाही.

तुला मुलगी झाल्याचं किंटाने सांगितलं. आपली ही चुलत बहीण बातमी पोटात ठेवत नाही. पोर जेमतेम दोन किलोची आहे, तीन आठवडे झाले तरी तू तिला उंबऱ्याबाहेर काढत नाहीस, लसीलाही नेत नाहीस, हेही ती बोलली. तू तिला म्हणालीस म्हणे, "पहिलीला मी वाऱ्यातून नेलं, म्हणून तिची छाती भरली. दोमिंगासनेच सांगितलं होतं."

ते मीच सांगितलं होतं. तुझ्या पहिल्या लेकीच्या, लुईझिन्याच्या मातीला, सगळ्या बायकांसमोर.

तेओ, ते खोटं होतं.

आठ वर्षांपूर्वी त्या मंगळवारी तू तीन तास चालत माझ्या आरोग्य केंद्रात आलीस. क्षयाच्या लसीच्या एका बाटलीत वीस पोरांचे डोस. एकदा उघडली की सहा तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. म्हणून दहा-बारा पोरं जमल्याशिवाय आम्ही ती उघडत नसू. त्या दिवशी चारच होती. तू बाकावर बसून राहिलीस, तेव्हा मी म्हणाले, "बोटभर पोरीसाठी अख्खी बाटली वाया घालवू? जरा अंग धरू दे तिला, मग ये." बायका हसल्या. तू लुईझिन्याला पाठीशी बांधलंस आणि गेलीस. अकराव्या दिवशी ती श्वास लागून गेली.

पुढे एका प्रशिक्षणात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही लस जुनी, क्षयासाठीची. पण आपल्याच देशात पाहिलं तर कमी वजनाच्या ज्या बाळांना ती जन्मल्याबरोबर मिळाली, त्यांच्यात इतर तापांनी, छातीच्या दुखण्यांनी दगावणारी कमी निघाली. का, ते अजून नीट कळलेलं नाही. लुईझिन्या वाचलीच असती असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. पण बारीक पोरीला थांबवायचं नव्हतं, आधी टोचायचं होतं. त्या दुपारी मी वही पुढे धरून रडले.

एवढंच असतं तर नियमावर ढकलून मोकळी झाले असते.

तू गेल्यावर तासाभराने गावप्रमुखाची सून एकच तान्हं घेऊन आली. तिच्यासाठी मी बाटली उघडली. थांबा म्हणायची माझी छाती झाली नाही. तू सख्खी बहीण, तुला म्हणाले. तुला हाक मारायला माणूस धाडता आला असता, तू वाटेतच असशील. पण तुझ्यापुढे मला खाली पाहावं लागलं असतं. संध्याकाळी उरलेली लस मी माझ्या हाताने फेकली. हे कुणी विचारू नये म्हणून मातीला वाऱ्याचं नाव घेतलं.

वाऱ्याने काही केलं नाही गं. तू काही केलं नाहीस.

हे वाचून हवं तर माझं तोंड पाहू नकोस, पण आज पोरीला घेऊन जा. नर्स म्हणेल पोरं कमी आहेत, पुढच्या आठवड्यात या. हलू नकोस, बसून राहा.

तुला बाकावरून उठवणारी,
दोमिंगास